पुरस्कारावरचे नाव : एरिख कोर्नगोल्ड आणि ‘रॉबिन हूड’

१/
२३ फेब्रुवारी १९३९ची रात्र. लॉस एंजेलिसमधील बिल्टमोर हॉटेलात अकराव्या ऑस्कर पुरस्कारांचा समारंभ चालू होता. ‘मूळ संगीत’ या विभागात ११ चित्रपट स्पर्धेत होते. पुरस्कार ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ला मिळाला आणि त्यापुढे संगीतकाराचे नाव लागले : एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड.

आज यात विशेष काही वाटणार नाही. संगीताचा पुरस्कार संगीतकाराला नाही, तर कोणाला मिळायचा? परंतु त्या रात्रीपूर्वी रिवाज तसा नव्हता. आणि ज्या नावाला हा मान मिळाला, ते नाव त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या शहरातून पुसले जात होते. त्या नावाची ही कथा.

२/
प्रथम तो रिवाज समजून घ्यायला हवा. चित्रपटसंगीताचे ऑस्कर १९३४च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिला मान ‘वन नाइट ऑफ लव्ह’ला मिळाला. त्यातील मुख्य सुरावटींशी व्हिक्टर शेरत्झिंगर आणि गस कान ही नावे निगडित होती. पुरस्कार मात्र कोलंबिया स्टुडिओच्या संगीत विभागाला, म्हणजे विभागप्रमुख लुई सिल्व्हर्स यांच्या नावे गेला.

पुढल्या वर्षी ‘द इन्फॉर्मर’ला पुरस्कार मिळाला. तो आर.के.ओ. स्टुडिओच्या विभागप्रमुखांना गेला. ते विभागप्रमुख मॅक्स स्टायनर असल्यामुळे आणि संगीतही त्यांचेच असल्यामुळे त्या वर्षी अन्याय झाला नाही, एवढेच.

३/
१९३७च्या चित्रपटांच्या वेळी या पद्धतीने टोक गाठले. त्या वर्षी १४ नामांकने होती. पुरस्कार मिळाला युनिव्हर्सल स्टुडिओच्या ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ला. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मूळ संगीताच्या रचनाकाराचे नावच नव्हते! त्यातील वाद्यवृंद प्रामुख्याने जुन्या थोर संगीतकारांच्या प्रसिद्ध रचना वाजवत होता. पुरस्कार विभागप्रमुख चार्ल्स प्रेव्हिन यांच्या नावे गेला.

पुढच्याच वर्षी नियम बदलले. ‘मूळ संगीत’ असा स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि पुरस्कारावर विभागाऐवजी रचनाकाराचे नाव येऊ लागले. त्या बदललेल्या नियमाचे पहिले मानकरी कोर्नगोल्ड.

४/
हा रिवाज कोणाच्या दुष्टपणातून जन्मला नव्हता. तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच होता. त्याचा स्वतःचा पगारी वाद्यवृंद असे, स्वरलेखनाच्या प्रती करणारे लेखनिक असत, ध्वनिमुद्रणाचे दालन असे. एकाच चित्रपटाचे संगीत तीन-चार जणांनी वाटून घ्यावे, हे नित्याचे होते. बोलपट येऊन दशकही उलटले नव्हते. १९३३च्या ‘किंग काँग’ने पार्श्वसंगीत चित्रपटात भीती आणि करुणा दोन्ही पेरू शकते हे दाखवून दिले, तरी पार्श्वसंगीताला ‘रचना’ मानण्याची सवय अजून लागायची होती. सुतारकाम, रंगकाम, तसे संगीतकाम. कारखान्यातून निघालेल्या मालावर कारागिराचे नाव कोण कोरतो?

५/
या कारखान्यात आलेला हा कारागीर मात्र निराळ्या घडणीचा होता. कोर्नगोल्ड यांचा जन्म २९ मे १८९७ रोजी ब्र्युन येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकातील ब्रनो. वडील युलियस हे व्हिएन्नातील ‘नॉये फ्राये प्रेसे’ या मातब्बर दैनिकाचे संगीतसमीक्षक. मोझार्टच्या नावातले ‘वोल्फगांग’ त्यांनी मुलाच्या नावात घातले. एवढे ओझे घेऊन आलेली बहुतेक मुले पुढे वाकतात. हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना त्याची रचना ऐकून गुस्टाव्ह माहलर यांनी त्याला प्रतिभावंत ठरवले आणि अलेक्झांडर झेमलिन्स्की यांच्याकडे शिकायला पाठवण्याचा सल्ला दिला.

६/
१९१० साली त्याची ‘देर श्नेमान’ म्हणजे ‘हिममानव’ ही नृत्यनाट्यरचना व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरागृहात सादर झाली. वाद्यवृंदासाठी तिची मांडणी गुरू झेमलिन्स्की यांनी करून दिली होती. रचनाकाराचे वय होते १३.

१९१६ साली म्यूनिकमध्ये ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली त्याचे दोन एकांकी ऑपेरा रंगमंचावर आले. आणि ४ डिसेंबर १९२० रोजी ‘दी टोटे श्टाट’ (‘मृत नगरी’) या ऑपेराचा पहिला प्रयोग एकाच रात्री हॅम्बुर्ग आणि कलोन अशा दोन शहरांत झाला. तेवीस वर्षांच्या संगीतकारासाठी दोन शहरांनी चढाओढ करावी, हा मान युरोपात फारच थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

७/
त्याच १९२०मध्ये एक अपयशही पदरी पडले. ते लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे. ‘सुर्सुम कोर्दा’ ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना व्हिएन्नात सादर झाली. हे शब्द लॅटिन उपासनाविधीतले. अर्थ, ‘हृदये उंच न्या’. रचना रिखार्ड श्ट्राउस यांना अर्पण केलेली होती. श्रोत्यांनी ती थंडपणे घेतली. तिच्यात एक उसळती, ताठ मानेने चालणारी सुरावट होती. ती रचनेसोबतच बासनात गेली.

८/
१९३४ साली थोर नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी कोर्नगोल्ड यांना हॉलिवुडला बोलावले. वॉर्नर ब्रदर्ससाठी ते शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ पडद्यावर आणत होते आणि मेंडेल्सझोन यांचे संगीत चित्रपटासाठी बेतून द्यायचे होते.

या बेतण्यालाही एक धार होती. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू. जर्मनीत त्यांच्या संगीतावर बंदीची छाया पडली होती. राइनहार्ट स्वतः ज्यू. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर येताच बर्लिनमधील त्यांची नाट्यगृहे हातची गेली होती. कोर्नगोल्डही ज्यू. ऑस्ट्रिया अजून स्वतंत्र होता, म्हणून त्यांना परतीचे तिकीट काढता येत होते.

९/
ते तिकीट ज्यांच्याकडे नव्हते, असे कितीतरी संगीतकार त्या दोन-तीन वर्षांत जगभर विखुरले. आर्नोल्ड श्योनबेर्ग बर्लिन सोडून अखेर लॉस एंजेलिसला पोहोचले. फ्रान्झ वॅक्समन यांना १९३४मध्ये बर्लिनच्या रस्त्यात नाझी गुंडांनी मारहाण केली. ते पॅरिसमार्गे हॉलिवुडला आले.

आणि त्या लोंढ्यातला एक जण मुंबईच्या बंदरात उतरला. १९०७ साली कार्ल्सबाडला जन्मलेले वॉल्टर काउफमान १९३४मध्ये मुंबईत आले, त्यांनी येथे चेंबर संगीताची संस्था उभी केली, पुढे मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची बाजू सांभाळली आणि काही चित्रपटांसाठीही काम केले. आकाशवाणीची पहाटे वाजणारी संकेतधून त्यांचीच मानली जाते. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचा दिवस एका निर्वासिताच्या सुरावटीने उजाडला. त्याचे नाव मात्र फार थोड्या घरांत ठाऊक होते.

१०/
पुन्हा हॉलिवुडकडे. १९३५मध्ये ‘कॅप्टन ब्लड’ हा समुद्री साहसपट आला. कोर्नगोल्ड यांच्या हाती जेमतेम तीन आठवडे होते. सारे संगीत तेवढ्यात लिहून होईना, तेव्हा काही भागासाठी त्यांनी फ्रान्झ लिस्ट यांच्या रचनेचा आधार घेतला. आणि मग श्रेयनामावलीत आपले नाव ‘संगीतकार’ म्हणून नव्हे, तर ‘संगीत संयोजन’ या शब्दांखाली यावे, असा आग्रह त्यांनी धरला. बहुतेक सारे संगीत त्यांचेच असताना!

नावाच्या बाबतीत हा माणूस किती काटेकोर होता, ते यावरून दिसते. जे आपले नाही त्यावर नाव नको. याची दुसरी बाजू उघड आहे : जे आपले आहे, त्यावर मात्र ते असायला हवे.

११/
त्यांची काम करण्याची रीत स्टुडिओतील लोकांना नवलाची वाटे. इतर संगीतकार दृश्यांची सेकंदवार टिपणे समोर ठेवून लिहीत. कोर्नगोल्ड प्रक्षेपणाच्या खोलीत पियानोपाशी बसत, चित्रपटाचा तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगत आणि पडद्याकडे पाहत वाजवत राहत. चित्रपट हा त्यांच्या लेखी गाण्यांविना ऑपेराच होता. प्रत्येक मुख्य पात्राला, प्रत्येक नात्याला स्वतःची सुरावट. प्रसंग पालटला की तीच सुरावट वेगळ्या वाद्यांतून, वेगळ्या चेहऱ्याने परत येणारी.

नटाचा आवाज कोणत्या पट्टीत आहे, हे हेरून त्याच्या खालच्या सुरांत वाद्ये ठेवण्याची हातोटीही त्यांना साधली होती. त्यामुळे संवाद आणि संगीत एकमेकांना रेटत नसत. संवादच गायल्यासारखे भासत.

१२/
पियानोवर सुचलेले साठ-सत्तर वादकांच्या हाती जाण्यापूर्वी त्याची वाद्यवार मांडणी करावी लागते. कोर्नगोल्ड आपल्या आराखड्यात ती बारकाईने सुचवून ठेवत, परंतु मुदती इतक्या तंग असत की ह्यूगो फ्रीडहोफर आणि मिलान रोडर यांच्यासारखे मांडणीकार सोबतीला लागत. पुरस्कारावर त्यांची नावे आली नाहीत.

हा प्रश्न मुंबईच्या चित्रसृष्टीलाही नवा नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय अरेंजरांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला आकार दिला. श्रेयनामावलीत ते बहुधा ‘सहायक’ म्हणून आले, किंवा आलेच नाहीत. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे पूर्ण नाव आले, तेव्हा ते घरोघर पोहोचले, नाव घेणाऱ्यांना ते कोणाचे, हे मात्र ठाऊक नव्हते.

१३/
१९३६मध्ये ‘अँथनी ॲडव्हर्स’ आला आणि त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले. संगीत कोर्नगोल्ड यांचे; पुरस्कार वॉर्नर ब्रदर्सच्या संगीत विभागाच्या नावे, म्हणजे विभागप्रमुख लिओ फोर्बस्टाइन यांच्याकडे. फोर्बस्टाइन यांनी काही बळकावले नव्हते, नियमच तसा होता. व्हिएन्नात ज्याच्या नावावर नाट्यगृहे भरत, त्याच्या वाट्याला हॉलिवुडमध्ये हे आले.

तरी कोर्नगोल्ड यांना त्याचे फार वैषम्य वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपट हे हिवाळ्यातले काम. खरे घर व्हिएन्नात, खरे काम ऑपेराचे. ‘दी कात्रिन’ हा नवा ऑपेरा तयार होता आणि १९३८च्या आरंभी व्हिएन्नाच्या राजकीय ऑपेरागृहात तो रंगमंचावर यायचा होता.

१४/
तो आला नाही. प्रयोग लांबणीवर पडला. नेमकी त्याच वेळी वॉर्नर ब्रदर्सची तार आली : ‘रॉबिन हूड’साठी तातडीने निघा. ऑपेरा लांबलाच आहे तर जाऊन यावे, असे ठरले. जानेवारी १९३८च्या अखेरीस कोर्नगोल्ड, पत्नी लूझी आणि धाकटा मुलगा अमेरिकेला निघाले. थोरला मुलगा एर्न्स्ट आजी-आजोबांजवळ व्हिएन्नातच राहिला. थोड्या महिन्यांत परतायचेच होते. घर जसेच्या तसे, कपाटात हस्तलिखिते, भिंतीवर चित्रे.

१५/
हॉलिवुडला पोहोचल्यावर त्यांनी चित्रपट पाहिला आणि नकार दिला. चित्र भव्य होते, सुमारे २० लाख डॉलर खर्चाचे, वॉर्नर ब्रदर्सचे तोवरचे सर्वांत महागडे. टेक्निकलरची रंगसंगती, एरल फ्लिन आणि ऑलिव्हिया द हॅव्हिलंड. परंतु त्यात सतत धावपळ, तलवारबाजी, हाणामाऱ्या. माझी प्रकृती भावनेच्या संगीताची, हे मला जमणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी निर्माते हॅल वॉलिस यांना ११ फेब्रुवारीच्या सुमारास लिहिले.

दुसऱ्या दिवशी फोर्बस्टाइन त्यांचे मन वळवायला घरी आले. १२ फेब्रुवारी. त्याच दिवशी युरोपात ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर शुशनिग यांना हिटलरने बेर्ख्टेसगाडेनला बोलावून धमकावले होते. ती बातमी हॉलिवुडमधील ऑस्ट्रियन मंडळींच्या कानी आली आणि कोर्नगोल्ड यांच्या ध्यानात आले की हिवाळ्यातले काम आता बारमाही होणार आहे. त्यांनी होकार दिला. अट एवढीच, की करार आठवड्या-आठवड्याचा असावा, म्हणजे जमले नाही तर सोडता येईल.

१६/
पुढच्या महिन्यात, १२ मार्च १९३८ रोजी, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. व्हिएन्नाच्या रस्त्यांवर ज्यू नागरिकांना गुडघ्यांवर बसवून फरशा घासायला लावले गेले. त्या गर्दीच्या शहरात कोर्नगोल्ड यांचे वृद्ध आईवडील आणि मुलगा होता, आणि इकडे हा माणूस शेरवुडच्या जंगलातील मेजवानीसाठी आनंदाचे संगीत लिहीत होता. दर आठवड्याला ठरलेले ध्वनिमुद्रण, दर दिवशी व्हिएन्नाची वार्ता.

कुटुंबीय वेळेत निसटले आणि अमेरिकेला पोहोचले. घर जप्त झाले. हितचिंतकांनी जोखीम पत्करून काही हस्तलिखिते बाहेर काढली आणि ती तुकड्यातुकड्यांनी अमेरिकेला रवाना केली. ‘रॉबिन हूड’ने आपला जीव वाचवला, असे कोर्नगोल्ड पुढे आयुष्यभर सांगत. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

१७/
हे संगीत त्यांनी सुमारे सात आठवड्यांत लिहिले. आणि येथे ती १९२०ची सुरावट परत आली. व्हिएन्नाने थंडपणे नाकारलेल्या ‘सुर्सुम कोर्दा’तील उसळती धून आता रॉबिन हूडची धून झाली. अठरा वर्षे बासनात पडलेले सूर पडद्यावर हिरव्या पोशाखातील वीराबरोबर झेपावू लागले.

चित्रपटाची कथाही आठवावी. खरा राजा परदेशी कैदेत, गादीवर बळकावू पाहणारा भाऊ, लुटले जाणारे सॅक्सन आणि कायद्याने ज्याला बहिष्कृत ठरवले आहे असा नायक. हे सारे मार्च १९३८मध्ये, आपले शहर गमावलेल्या माणसाने स्वरांत बांधले. चित्रपट मे महिन्यात प्रदर्शित झाला. प्रेक्षकांना त्यात निखळ उल्हास ऐकू आला. लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीचा त्यात मागमूस नव्हता.

१८/
आता पुन्हा २३ फेब्रुवारी १९३९कडे पाहू. त्या ११ नामांकनांत ‘द यंग इन हार्ट’साठी वॅक्समन होते, बर्लिनच्या रस्त्यात मार खाल्लेले. ‘स्वेझ’साठी लुई सिल्व्हर्स होते, ज्यांच्या नावे १९३४चा पहिला पुरस्कार गेला होता, या वेळी ते विभागप्रमुख म्हणून नव्हे, तर संगीतकार म्हणून यादीत होते.

आणि त्याच काळात जर्मन राजवट उलट्या दिशेने नावांचे काम करीत होती. कार्यक्रमपत्रिकांतून ज्यू रचनाकार गाळले जात होते. १९४०मध्ये तर कोणती नावे वगळायची हे सोपे जावे म्हणून संगीतातील ज्यूंचा कोशच छापला गेला. एका देशाने नावे टिपून ठेवली ती पुसण्यासाठी. दुसऱ्या देशात, एका करमणुकीच्या धंद्याच्या समारंभात, नियम नुकताच बदलला होता आणि एक नाव मोठ्याने घेतले गेले.

१९/
त्यानंतर ‘द प्रायव्हेट लाइव्ह्ज ऑफ एलिझाबेथ अँड एसेक्स’ (१९३९) आणि ‘द सी हॉक’ (१९४०) या चित्रपटांसाठी कोर्नगोल्ड यांना नामांकने मिळाली. पुरस्कार मिळाले नाहीत. १९४२च्या ‘किंग्ज रो’च्या संगीताला तर नामांकनही मिळाले नाही, आणि त्याच संगीताविषयी प्रेक्षकांची पत्रे स्टुडिओकडे मोठ्या संख्येने आली. पुरस्कार आणि काळजात उतरणे यांचा मेळ बसतोच असे नाही.

१९४३मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. हिटलर सत्तेवर आहे तोवर मैफिलीसाठी लिहायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. तो बहुतांशी पाळला. चित्रपटाच्या कमाईवर आईवडिलांचा आणि इतर निर्वासितांचाही भार होता.

२०/
वडील युलियस यांना मुलाचे हे चित्रपटसंगीत कधीच मानवले नाही. माहलर यांनी ज्याला प्रतिभावंत म्हटले, तो तलवारबाजीला ताल धरतो, ही खंत घेऊन ते १९४५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारले. युद्ध संपले होते. कोर्नगोल्ड यांनी पन्नाशीच्या उंबऱ्यावर आयुष्याचा हिशेब मांडला : आधी बालप्रतिभा, मग ऑपेराकार, मग चित्रपटांचा संगीतकार. आता वळले नाही, तर अखेरपर्यंत हॉलिवुडचाच शिक्का राहील. १९४६च्या ‘डिसेप्शन’नंतर त्यांनी नव्या चित्रपटांसाठी मूळ संगीत लिहिणे थांबवले.

२१/
त्यांच्या करारात एक दूरदृष्टीचे कलम होते. चित्रपटांसाठी सुचलेल्या सुरावटी पुढे मैफिलीच्या रचनांत वापरण्याची मुभा त्यांनी राखून ठेवली होती. ती आता कामी आली.

१५ फेब्रुवारी १९४७ रोजी सेंट लुईस येथे याशा हायफेट्झ यांनी कोर्नगोल्ड यांचा व्हायोलिन कॉन्चेर्तो प्रथम वाजवला. त्यात ‘अनदर डॉन’, ‘वारेझ’, ‘अँथनी ॲडव्हर्स’ आणि ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ या चित्रपटांतील सुरावटी आहेत. म्हणजे ज्या संगीताचा पुरस्कार १९३७मध्ये दुसऱ्या नावे गेला होता, त्याचा एक धागा आता स्वतःच्या नावाच्या रचनेत परतला. कृती अर्पण केली होती आल्मा माहलर-वेर्फेल यांना, ज्या माहलरांनी त्याला प्रथम ओळखले त्यांच्या पत्नीला.

२२/
सेंट लुईसच्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. न्यूयॉर्कच्या एका समीक्षकाने मात्र त्यांच्या आडनावावर कोटी केली. ‘गोल्ड’ म्हणजे सोने. आणि ‘कॉर्न’ म्हणजे धान्य खरे, पण अमेरिकी बोलीत बाळबोध भावुकतेलाही तोच शब्द. या रचनेत सोने कमी आणि ते दुसरेच अधिक, असा त्याचा शेरा होता. ज्या नावासाठी एवढी वाट पाहिली, त्याचीच थट्टा झाली, आणि ती वर्षानुवर्षे चिकटून राहिली. ‘चित्रपटवाला’ हा शब्द न उच्चारताही त्यातून ऐकू येत होता.

२३/
१९४९मध्ये कोर्नगोल्ड व्हिएन्नाला परतले. शहर बाँबफेकीने पोखरलेले, संगीताची अभिरुची पालटलेली. बारा वर्षे थांबलेला ‘दी कात्रिन’ १९५०मध्ये अखेर तेथे रंगमंचावर आला आणि फार काळ चालला नाही. काहींच्या लेखी ते जुनाट होते. काहींच्या लेखी, हॉलिवुडमध्ये सुखात राहून आलेले. तेथे का राहावे लागले, हा प्रश्न त्या वर्षांत व्हिएन्नात फारसा कोणी विचारत नव्हता.

१९५४मध्ये त्यांची एकमेव पूर्ण सिम्फनी व्हिएन्नाच्या रेडिओसाठी वाजवली गेली. तयारी अपुरी होती. ती रूझवेल्ट यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे, आणि तिच्या संथ भागात ‘एलिझाबेथ अँड एसेक्स’मधील सूर शोकाचे रूप घेऊन येतात.

२४/
२९ नोव्हेंबर १९५७ रोजी हॉलिवुडमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६०. व्हिएन्नाच्या राजकीय ऑपेरागृहावर त्या दिवशी काळा ध्वज उभारला गेला. ते कळल्यावर पत्नी लूझी म्हणाल्या, जरा उशीरच झाला, असे सांगतात.

त्यानंतरची पंधरा वर्षे जवळजवळ शांतता. १९७२मध्ये धाकटे पुत्र जॉर्ज यांनी निर्मिती सांभाळलेली आणि चार्ल्स गेरहार्ट यांनी संचालन केलेली ‘द सी हॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. नवा वाद्यवृंद, नवे तंत्र, जुन्या चित्रपटांतील संगीत. तरुण श्रोत्यांनी ती उचलून धरली. १९७५मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘दी टोटे श्टाट’ पुन्हा उभा राहिला.

२५/
१९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. तेव्हा चित्रपटांत पॉप गाणी आणि सिंथेसायझर यांचा बोलबाला होता. जॉन विल्यम्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह भरघोस वाद्यवृंद आणि पात्रागणिक सुरावट ही कोर्नगोल्ड यांची वाट पुन्हा धरली. ‘किंग्ज रो’ची आरंभधून आणि ‘स्टार वॉर्स’ची आरंभधून एकापाठोपाठ ऐकली की नाते कानांना पटते.

१९८२च्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करमध्ये ‘गांधी’च्या संगीताला नामांकन मिळाले. त्यावर दोन नावे होती : पंडित रवी शंकर आणि जॉर्ज फेंटन. पुरस्कार विल्यम्स यांच्या ‘ई.टी.’ला गेला. पण सतारीच्या सुरांसोबत रचनाकाराचे नाव यादीत यावे, हे तोवर कोणालाही स्वाभाविकच वाटत होते. ते नेहमीच स्वाभाविक नव्हते.

२६/
ज्यांना ही कथा कानांनी वाचायची असेल, त्यांनी आधी ‘सुर्सुम कोर्दा’ ऐकावे, १९२०ची, नाकारलेली. मग ‘रॉबिन हूड’चे संगीत, १९३८चे. शेवटी व्हायोलिन कॉन्चेर्तो, १९४७चा. व्हिएन्नातून निघालेली सुरावट चित्रपटात कशी गेली, आणि चित्रपटातील सुरावटी मैफिलीत कशा परतल्या, ते तीन रचनांत कळते.

आणि एखाद्या पहाटे आकाशवाणीची ती जुनी धून कानी पडलीच, तर वॉल्टर काउफमान हे नाव एकदा मोठ्याने उच्चारावे. जवळपास कोणी लहान मूल असेल, तर त्यालाही सांगावे.

(समाप्त)